कामाच्या गर्दीत सजग राहणं: तुम्ही नेमकं काय करता?

रामबागची
नमस्कार मंडळी. मी इंदूरला विजयनगरमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहक सेवेत आहे. दिवसभर कानाला हेडफोन. गोम्मटगिरीच्या बाजूला जे धम्म मालवा केंद्र आहे, तिथे दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, आणि तेव्हापासून सकाळची बैठक नियमाने होते. अडचण त्याच्या पुढची आहे. घरून निघताना मन स्थिर असतं. ऑफिसात पहिला तापलेला ग्राहक भेटला की खांदे कानाला टेकतात, जबडा आवळला जातो, आणि हे मला कळतं ते थेट डबा उघडताना. मधल्या वेळात मी काम केलेलं असतं, उत्तरंही बरोबर दिलेली असतात, पण मी तिथे नसते.

किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोघा मानसशास्त्रज्ञांचा २०१० सालचा अभ्यास वाचला. २,२५० लोकांना दिवसात केव्हाही फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, बरं वाटतंय का? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामाबाहेर होतं, आणि मन बाहेर असताना लोक कमी समाधानी होते. हातातलं काम नावडतं असलं तरीही.

म्हणून माझा प्रश्न बैठकीबद्दल नाही. प्रत्यक्ष कामाच्या आत सजगता तुम्ही कुठे बसवता? मी सध्या एवढंच करते: कॉल संपला की पुढचा घ्यायच्या आधी एक श्वास पूर्ण बाहेर सोडते, जबडा सैल करते, दोन्ही तळपाय जमिनीला लागलेत का बघते. ॲपची नावं कृपया नकोत, फोन तसाही हातातून सुटत नाही. ज्याचं जे काम आहे त्यातलं सांगा.

खजुरी_बाजार
ताई, आमचं पुस्तकांचं दुकान. शाळा उघडायच्या दिवसांत काउंटरवर चार माणसं एकदम बोलतात. एकाला सातवीचा संच हवा, दुसऱ्याला कालचं पुस्तक बदलून हवं, तिसरा लांबूनच भाव विचारतो. तिथे डोळे मिटून बसायची सोय नाही. मी एक जागा पक्की केली: पैसे घेण्या-देण्याची. तेवढं होईपर्यंत दुसऱ्या कोणाला उत्तर द्यायचं नाही. नोटा मोजायच्या, समोरच्याच्या हातात ठेवायच्या, त्याच्या तोंडाकडे बघायचं. मग पुढचा.

आता रोख कमी झाली, साउंडबॉक्स बोलतो. मग ते वाक्य शेवटपर्यंत ऐकतो, रक्कम बिलाशी जुळवतो आणि मान वर करतो. संध्याकाळी गल्ला जुळवायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो. पण मोठा फरक हा की गिऱ्हाईक चिडलं तरी माझा आवाज चढायच्या आधी मला कळतं की तो चढणार आहे.

निवृत्त_लेखापाल
रामबागची, तुम्ही विपश्यनेचं नाव काढलंत म्हणून लिहितो. माझी नोकरी ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयात झाली, आता मुलाकडे सुदामानगरला असतो. ज्या परंपरेत तुम्ही शिबिर केलंत ती परंपरा एका लेखा कार्यालयात वाढली, हे फार थोड्या साधकांना ठाऊक असतं.

सयाजी उ बा खिन, जन्म १८९९, रंगून. महालेखाकार कार्यालयात कारकून म्हणून लागले. १९३७ साली साया थेटजी यांच्याकडे आनापान (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणं) आणि विपश्यना शिकले, तेव्हा नोकरी चालूच होती. ४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ते देशाचे महालेखाकार झाले. त्यांनी नोकरी सोडून जंगल गाठलं नाही. कार्यालयातल्या लोकांनाच ध्यान शिकवायला लागले, तिथेच साधकांचं मंडळ उभं राहिलं, आणि १९५२ मध्ये रंगूनचं आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र सुरू झालं. पुढे सरकारने एका वेळी अनेक खात्यांची जबाबदारी त्यांच्यावर टाकली, तीही त्यांनी शिकवणं न थांबवता निभावली. सत्यनारायण गोयंका १९५५ साली त्यांच्याकडे आले ते अर्धशिशीने बेजार झालेले व्यापारी म्हणून. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं, आणि तिथून पसरत ते तुमच्या गोम्मटगिरीपर्यंत पोचलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की ‘कार्यालयात हे जमत नाही’ असं वाटेल तेव्हा आठवावं. हे सगळं सुरू झालं तेच फायलींच्या ढिगाऱ्यात.

माझी स्वतःची रीत साधी होती. पडताळणी करताना कोणी हाक मारली तर मान वर करण्याआधी शेवटच्या तपासलेल्या आकड्याशी पेन्सिलीची बारीक खूण. मग पूर्ण लक्ष त्या माणसाकडे. पुढे कळलं की यावर संशोधनही आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की काम अर्धवट सोडून दुसरीकडे वळलो की लक्षाचा काही अंश मागेच अडकून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. नंतरच्या अभ्यासात असं दिसलं की उठण्यापूर्वी ‘कुठे थांबलो, परत आल्यावर पहिलं काय करायचं’ हे लिहून ठेवलं तर तो अंश बराच सुटतो. एक ओळ पुरते.

पीथमपूर_बस
आमच्याकडे तर डोळे उघडेच हवेत. प्रेस शॉपमध्ये आहे मी, शिफ्टच्या बसने रोज इंदूरहून ये-जा. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बदलताना मेन स्विच बंद करायचा, कुलूप लावायचं, नावाचा टॅग अडकवायचा. हे सगळे वर्षानुवर्षं करून राहिले, म्हणूनच धोका आहे. हात आपोआप चालतात आणि डोकं घरच्या ईएमआयमध्ये असतं.

जपानच्या रेल्वेत एक रीत आहे, बऱ्याच कारखान्यांनी उचलली आहे. ज्या गोष्टीची खात्री करायची तिच्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं: ‘सिग्नल हिरवा’, ‘स्विच बंद’. तिथल्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेच्या चाचणीत साध्या कामातल्या चुका सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्या रेल्वेतही लोको पायलट आणि सहायक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. मी हेच करतो. बोट, आवाज, मग हात. ‘कुलूप लागलं.’ सुरुवातीला पोरं बघत राहायची, आता माझ्या लाइनवर चौघे करतात.

कोणी याला ध्यान म्हणो न म्हणो, त्या क्षणी डोळा, तोंड, हात आणि मन एकाच स्विचवर असतं. अजून काय पाहिजे?

रात्रीचा_लॉगिन
मला या धाग्यात एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे, आणि ती कोणाच्या साधनेविरुद्ध नाही.

आमच्या कंपनीत सजगतेचं सत्र ठेवतात. कधी? जेवणाच्या सुट्टीत. त्याच तिमाहीत माणसं कमी केली आणि उरलेल्यांवर तिकिटं, म्हणजे सोडवायच्या तक्रारी, वाढवली. ज्याने तक्रार केली त्याला विचारलं, ‘तू सत्राला आला होतास का?’ म्हणजे प्रश्न कामाच्या बोज्याचा, आणि उत्तर मागतात माझ्या श्वासाकडे.

ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ मध्ये आलेला अभ्यास बघा. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी. सजगतेचे वर्ग, मन कणखर करण्याची प्रशिक्षणं, ॲप असल्या व्यक्तीपुरत्या उपायांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मनःस्वास्थ्यात फायद्याचा फरक दिसला नाही. स्वयंसेवा हा एक अपवाद. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. बर्नआउटला, म्हणजे कामाच्या ताणाने पुरतं थकून जाण्यालाही, आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०१९ पासून कामाशी जोडलेली अवस्था म्हणून जागा दिली आहे, व्यक्तीचा आजार म्हणून नाही.

तेव्हा श्वास घ्या, जरूर घ्या. पण तास मोजायचे सोडू नका.

रामबागची
रात्रीचा_लॉगिन, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य, आणि हे नुसतं तोंडदेखलं म्हणत नाही. कॉलनंतर नोंद करायला जो रॅप-अप वेळ मिळतो तो आमच्याकडे कापत आणला होता. आधी मी फक्त दमायचे. कॉलच्या मध्ये शरीराकडे बघायला लागले तेव्हा नेमकं दिसलं की रॅप-अपशिवाय सलग कॉल आले की त्यानंतरच जबडा आवळतो, एरवी नाही. ते टिपून ठेवलं आणि टीम लीडसमोर ठेवलं. सोबत आणखी तिघींनी ठेवलं. थोडा वेळ परत मिळाला. सगळा नाही, अजून मागतोय.

माझ्यापुरतं सजगतेने सहन करायला शिकवलं नाही. कुठे दुखतंय ते दाखवलं.

रात्रीचा_लॉगिन
हे असं कोणी सत्रात शिकवत नाही. हेच शिकवायला हवं.

वॉर्डातली
मी नर्स आहे, सरकारी इस्पितळात. आमच्याकडे ‘पाच मिनिटं शांत बसा’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण पाच मिनिटं नसतातच. पण एक गोष्ट दिवसभर पुन्हा पुन्हा करावीच लागते: हात स्वच्छ करणं. रुग्णाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, सलाईन किंवा ड्रेसिंगला हात घालण्याआधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे अल्कोहोलच्या सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. घाईत ही सेकंदं निम्म्यावर येतात, हे वॉर्डात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

मी ती सेकंदं माझी केली. तळवे, हाताच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. प्रत्येक जागी स्पर्श जाणवतो का एवढंच बघायचं. थंडपणा येतो, मग वाळत जातो. आधीच्या खाटेवरच्या आजीचं रडणं त्या वेळात थोडं खाली बसतं. संपत नाही, संपू नये पण. पुढच्या खाटेपाशी जाते तेव्हा तिथल्या माणसाचं नाव मनात म्हणते, मग पडदा सरकवते. त्याला ‘सात नंबर’ म्हणत नाही.

याचे दोन फायदे झाले. हात खरोखर नीट स्वच्छ होतात, रुग्णाच्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं. आणि घरी जाताना सगळ्या खाटा माझ्यासोबत येत नाहीत. एखादी येते. तिला येऊ देते, दार लावून घेत नाही.

नव्या मुलींना हेच शिकवते. ध्यानाचं नाव न घेता शिकवते. म्हणते, ‘हात धुताना फक्त हात धू.’ कामाचे तास, एका नर्समागे किती खाटा, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी आमची संघटना भांडते. दोन्ही करावं लागतं.

बडोदेकर
आमच्याकडे कोणी तरी रोज जेवणानंतर कमाटीबागेत चक्कर मारायला नेतं आणि चालताना ऑफिसच्याच गप्पा होतात. मी परतीची वाट एकट्याने चालतो. टाच, चवडा, टाच, चवडा. बस.

घरगुती_डबे
मी भंवरकुआंजवळ कोचिंगच्या मुलांसाठी डबे करते. पहाटे पोळ्या लाटायला बसले की तोंडात नाम असतं, आईपासूनची सवय. इथे सगळे श्वास आणि तळपाय म्हणताहेत. नामस्मरण करते ते हेच आहे का वेगळं? वेगळं असेल तर मला बदलायचं नाही, फक्त समजून घ्यायचं आहे.

निवृत्त_लेखापाल
वहिनी, बदलूही नका. नामात मन नामाकडे आणायचं असतं. आपण ज्याबद्दल बोलतोय त्यात मन जे घडतंय त्याकडे आणायचं. भटकलेलं मन ओळखून, न रागावता परत आणणं ही मेहनत दोन्हीकडे सारखीच. माझ्या मते कामाप्रमाणे निवडावं. पोळ्या लाटणं, निवडणं, झाडणं यात हात सराईत असतात, तिथे नाम सुंदर बसतं. आकड्यांचं काम, समोरच्याचं बोलणं ऐकण्याचं काम, यात नाम मागे चालू ठेवलं तर लक्ष दोन ठिकाणी वाटलं जातं. तिथे कामच नाम समजावं.

घरगुती_डबे
पटलं. हिशेब लिहिताना माझं नाम आपोआप थांबतं, त्याचं वाईट वाटायचं. आता वाटणार नाही.

समुपदेशक
उशिरा लिहिते आहे, पण काही गोष्टी या धाग्यावर असायलाच हव्यात.

श्वास लांब सोडल्याने बरं का वाटतं? श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, कारण सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा लगाम पुन्हा घट्ट होतो. म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवलं की शरीर लवकर निवतं. रामबागची कॉलच्या मध्ये जे करते त्याला हा आधार आहे.

पण श्वास प्रत्येकाला मानवत नाही. ज्यांना पॅनिकचे झटके येतात, दम्याची भीती आहे किंवा मोठा आघात होऊन गेला आहे, त्यांना श्वासाकडे बघितल्यावर घाबरं होऊ शकतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत आणि लक्ष बाहेर न्यावं: खुर्चीचा हात, पंख्याचा आवाज, समोरच्या भिंतीचा रंग. त्याने त्रास वाढला तर थांबावं. सहन करत राहण्यात काही साधत नाही.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात आठ आठवड्यांचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्याची तुलना चिंताविकारावरच्या एस्सिटालोप्राम या औषधाशी झाली. २७६ जणांवरचा हा अभ्यास २०२२ मध्ये आला. अभ्यासक्रम औषधापेक्षा कमी पडला नाही. हे वाचून कोणी गोळ्या बंद करू नका! त्या लोकांनी दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज पाऊण तास सराव केला होता. ऑफिसातल्या तीन श्वासांचं ते फळ नव्हे. गोळ्यांचं काही बदलायचं ते डॉक्टरांशी बोलूनच.

फ्लेमिंग यांचा अभ्यास महत्त्वाचा आहे, रात्रीचा_लॉगिन यांचे आभार. तो कंपन्यांनी पुरवलेल्या उपायांबद्दल बोलतो. खजुरी बाजारातल्या दादांनी स्वतःहून काउंटरवर जे बसवलं ते त्यात मोजलेलं नाही. पण कंपनीचा हेतू आणि कामाचा बोजा तपासायला हवा, हे पूर्ण खरं.

आणि झोप उडाली, भूक गेली, सकाळी कामावर जायच्या विचाराने छाती भरून येते, असं आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, दिवसरात्र.

दोन_चाकं
मी डिलिव्हरी करतो. तुम्हा सगळ्यांच्या कामात थांबायला एक जागा आहे, माझं सगळं काम म्हणजे फोन. पुढची ऑर्डर वाजते तेव्हा मी पलासिया चौराह्यावर असतो नाहीतर रिंग रोडवर. मी कुठे बसवू हे?

पीथमपूर_बस
भाई, पहिली गोष्ट: गाडी चालू असताना फोन वाजला तर उत्तर नाही. बाजूला घेऊन थांबल्यावरच बघायचं. सजगता त्यानंतर. चालवताना श्वास मोजायचा नाही, लक्ष रस्त्यावरच. आरसा, पुढची चाकं, बाजूने निघणारी रिक्षा.

थांबायच्या जागा तुलाही आहेत. निघताना हेल्मेटचा पट्टा: बोट लावून बघ आणि म्हण, ‘पट्टा लागला.’ स्टँड वर: ‘स्टँड वर.’ व्हिएतनामचे भिक्षू तिक न्यात हान्ह लाल दिव्याला घंटा समजायला सांगायचे, थांब आणि श्वास घे अशी. लाल दिव्यावर पाय टेकला की एक श्वास सोड, खांदे खाली. दिव्यावरून नजर काढू नको.

दोन_चाकं
लाल दिव्यावरच तर सगळे फोन काढतात. मी पण.

वॉर्डातली
दादा, मग ऑर्डर घ्यायच्या जागेपासून सुरू करा. हॉटेलबाहेर पार्सलची वाट बघता ना? तिथे फोन खिशात, पाठ भिंतीला, दोन्ही पाय सारखे. पार्सल हातात आल्यावर नाव मोठ्याने वाचा. आमच्याकडे अपघाताचे रुग्ण येतात त्यात तुमच्या वयाची मुलं खूप असतात, म्हणून हक्काने सांगते.

रात्रीचा_लॉगिन
आणि उशीर झाला म्हणून पैसे कापले जात असतील तर ते रोजच्या रोज लिहून ठेव. तारीख, वेळ, कितीचे कापले. रामबागचीने जे केलं तेच. तुमच्या भागात कोणी मिळून बोलत असतील त्यांच्यात जा.

दोन_चाकं
पट्टा आणि पार्सलवरचं नाव, एवढं आजपासून करतो. कापलेल्या पैशांची वही पण करतो, ते डोक्यात आलंच नव्हतं. पावसात पट्टा ओला होतो, बोटाला कळत नाही नीट लागलं का. त्याला काय?

पीथमपूर_बस
टक असा आवाज येतो का ऐक. नाही आला तर बकल खराब आहे, बदलून घे. आणि हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आहे का तेही बघून सांग.